ख्रिसमस ट्री एकाच रंगसंगतीत सजवायचं, तर जुन्या सजावटीचं काय करता?

शेवंता

गेली कित्येक वर्षं आमचं झाड म्हणजे सगळ्या रंगांची सरमिसळ. लाल गोळे, हिरव्या घंटा, जांभळ्या झिरमिळ्या, कुणीतरी भेट दिलेले चंदेरी देवदूत. जे हाताला लागेल ते टांगायचं. यंदा पहिल्यांदाच ठरवलं की रंग तीनच: गर्द निळा, तांब्याचा आणि मोतिया. झाड सहा फुटी, हिरवं, कृत्रिम. पंधरा दिवस मनात घोळवलं आणि परवा रात्री अडीच तास बसून सजवलं.

आता दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे दिवसा झाड सुरेख दिसतं, पण रात्री दिवे लावले की निळे गोळे चक्क गायब होतात. तिथे भोकं पडल्यासारखी वाटतात. माळा पिवळसर उजेडाच्या आहेत.

दुसरी अडचण जास्त मनाला लागली आहे. माझा मुलगा सात वर्षांचा आहे. गेल्या वर्षी त्याने अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेचा एक खळगा कापून घंटा केली होती. भडक नारिंगी. रंग इतका जाड लावलाय की त्यात ब्रशचा एक केस अजून अडकलेला आहे, आणि आत लोलक म्हणून एक लाकडी मणी. ती मी यंदा खोक्यात ठेवली. काल सकाळी पाहते तर झाडाच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून, कुणाला दिसणार नाही अशा फांदीवर ती लटकलेली. तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. पण तेव्हापासून झाडाकडे बघवत नाही.

रंगसंगती सांभाळणारे लोक अशा वस्तूंचं काय करतात? आणि निळ्याला उपाय काय?

रानजाई

लाल आणि सोनेरी. ना रात्रीची चिंता, ना दिवसाची.

कुंचला

शेवंता, निवड छान आहे, निळ्यावर खट्टू होऊ नका. चूक रंगात नाही, रंगाच्या गडदपणात आहे.

आपण रंगसंगती ठरवताना तीन रंग मोजतो, पण झाडावर रंग असतात पाच. झाडाचा हिरवा हा एक आणि दिव्यांच्या उजेडाचा एक. हे दोन आधीच ठरलेले असतात, आपण फक्त उरलेले निवडतो. तुमचा गर्द निळा आणि झाडाचा गर्द हिरवा हे रंग म्हणून वेगळे असले, तरी दोघेही सारखेच काळोखे आहेत. उजेड कमी झाला की डोळा रंगापेक्षा फिकट-गडद यावर जास्त भिस्त ठेवतो, आणि तिथे या दोघांत फरकच नाही.

एक सोपी परीक्षा करा. मोबाइलवर झाडाचा फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. जे गोळे फांद्यांत विरघळून जातील, ते रात्री दिसणार नाहीत. मी दरवर्षी सजावट अर्ध्यावर आली की हे करतो.

तांब्याचा रंग मात्र तुम्हाला खोक्यात होता त्यापेक्षा झाडावर जास्त लालसर वाटला असेल. बरोबर? शेजारचा रंग असा खेळ करतो. शेव्हरल नावाचे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गोबलँ या गालिचे आणि भिंतीवरची चित्रवस्त्रं विणणाऱ्या कारखान्यात रंगविभागाचे प्रमुख होते. काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली, म्हणून त्यांनी तपासलं, तर रंगात खोट नव्हतीच. काळ्याच्या शेजारी विणलेले धागे त्याला फिका दाखवत होते. यावर त्यांनी १८३९ साली सविस्तर लिहिलं. हिरव्याच्या शेजारी ठेवलेली कुठलीही वस्तू जरा लालीकडे झुकते, ती याच कारणाने. म्हणून गोळे खोक्यात किंवा टेबलावर जुळवू नयेत. फांदीवर धरून जुळवावेत.

दादरा

मला हे सगळं पटत नाही, स्पष्टच सांगतो. झाड म्हणजे घराची वही असते. कुठला गोळा कोणत्या वर्षी आला, कोणी दिला, कोणाच्या हातून फुटता फुटता वाचला, हे आठवत आठवत सजवायचं असतं. तीन रंगांचं झाड फोटोत छान दिसतं, पण त्याच्यापाशी बसून बोलण्यासारखं काय उरतं? नारिंगी घंटा पुढे आणा आणि निळे गोळे खोक्यात टाका.

कुंचला

दादरा, आठवणी आणि रंगसंगती एकमेकांच्या शत्रू नाहीत हो. दोन्ही सांभाळता येतात, जरा मेहनत पडते इतकंच.

मनीमाऊ

आमच्या घरी रंगसंगती मांजर ठरवते. खालच्या दोन फुटांत जे लोंबतं ते जमिनीवर. त्यामुळे खाली फक्त कापडी आणि लाकडी वस्तू, आणि काच वर. गंमत म्हणजे खाली मातकट रंग आणि वर चमक अशी रचना आपोआप झाली आणि ती फार छान दिसते. :)

उजेड

निळ्याच्या गायब होण्याबद्दल माझ्याकडून थोडं. माझं कामच दिव्यांचं आहे.

वस्तू स्वतःचा रंग तयार करत नाही, तिच्यावर पडलेल्या उजेडातला ठरावीक भाग ती परत पाठवते. पिवळसर माळ, म्हणजे २७०० केल्विनच्या आसपासची (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर), लाल-पिवळ्याने भरलेली असते आणि तिच्यात निळा भाग फार थोडा असतो. गर्द निळ्या गोळ्याने परत पाठवायचं काय? म्हणून तो काळा दिसतो. जांभळ्याचंही असंच होतं, तो चॉकलेटी वाटू लागतो. उलट तांबं, सोनं, केशरी, डाळिंबी या उजेडात फुलून येतात.

६५०० केल्विनची पांढरी माळ लावली तर निळा जिवंत होईल, पण तांबं मलूल पडेल आणि मोतिया दुधी दिसेल. तुमचे तीन रंग दोन वेगळ्या उजेडांचे आहेत, खरी अडचण ही आहे.

मी असं करेन: पांढऱ्या उजेडाची एक माळ खोडालगत, आतून गुंडाळायची. पिवळसर माळ बाहेरच्या फांद्यांवर. निळे गोळे आत, खोडाजवळ, पांढऱ्या दिव्याच्या अगदी शेजारी. तांब्याचे बाहेर. आत गारवा आणि बाहेर ऊब अशी खोली तयार होते.

आणखी एक. निळे गोळे मॅट आहेत का? मॅट गोळा उजेड गिळतो. तोच निळा चकचकीत घेतलात तर गोळा काळा दिसला तरी त्यात दिव्यांचे ठिपके उमटतात आणि तो गोळा आहे हे कळतं.

रानजाई

दोन प्रकारचे पांढरे एकाच झाडावर? माझ्या डोळ्यांना ते चुकून झाल्यासारखं वाटतं.

उजेड

शेजारी शेजारी लावले तर हो, चुकल्यासारखंच दिसतं. एक पूर्ण आत आणि एक पूर्ण बाहेर असेल तर नाही. मधे फांद्यांचा पडदा हवा.

आणि रानजाई, तुमच्या लालबद्दलही सांगायला हवं. खोलीतला मोठा दिवा बंद करून फक्त मंद उजेड ठेवला की लाल रंग निळ्याच्या आधी काळवंडतो. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञांच्या हे १८१९ मध्ये लक्षात आलं. दिवसा झळझळीत दिसणारी लाल फुलं पहाटेच्या अंधुक उजेडात काळपट वाटायची. अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना लाल जवळपास दिसतच नाही. म्हणजे लालालाही शेजारी दिवा लागतोच.

रानजाई

हे मला माहीत नव्हतं. आज रात्री बघते.

जुनाबाजार

जुन्या गोष्टींचा विषय निघालाच आहे तर.

लाल-हिरवं हे काही कुणी सजावटकाराने ठरवलेलं नाही. जर्मन प्रदेशांत २४ डिसेंबर हा आदम आणि ईव्हचा दिवस मानत आणि त्यांच्या गोष्टीच्या नाटकात स्वर्गातलं झाड म्हणून सूचिपर्णी झाडाला लाल सफरचंदं टांगत. भर थंडीत पानं टिकवून असलेलं दुसरं झाड आणायचं कुठून! पुढे एकोणिसाव्या शतकात त्याच देशातल्या लाउशा गावच्या काच फुंकणाऱ्या कारागिरांनी काचेचे गोळे केले. आतून चांदीसारखा मुलामा, बाहेरून रंग. आजचा लाल गोळा हा त्या सफरचंदाचा वंशज समजायला हरकत नाही.

आणि विजेच्या रोषणाईत रंगसंगती अगदी पहिल्या दिवसापासून आहे. १८८२ मध्ये न्यूयॉर्कला एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी घरच्या झाडावर ८० दिवे लावले. रंग तीनच: लाल, पांढरा, निळा. झाड फिरतंसुद्धा होतं.

माझ्याकडे आजीकडून आलेला एक काचेचा गोळा आहे. रंग कोणता होता ते आता सांगता येत नाही. मुलामा एका बाजूने उडालाय, त्या बाजूने आरपार दिसतं आणि आतल्या बाजूला राहिलेल्या चांदीत समोरची खिडकी उलटी दिसते. तो कोणत्याही रंगसंगतीत चालतो, कारण त्याला स्वतःचा रंगच उरलेला नाही. शेवंता, जुन्या वस्तूंत अशा बिनरंगी किती आहेत ते आधी बघा. काच, लाकूड, पांढरा कागद, पेंढा यांना कुठलाही रंग परका नाही.

मनीमाऊ

फिरतं झाड! आमच्याकडे नको. मांजर त्याच्यावर बसून फिरेल.

पाऊलवाट

अॅल्युमिनियमची झाडं पाहिली आहेत का कुणी? अमेरिकेत १९५९ नंतर काही वर्षं त्यांची लाट होती. धातूच्या फांद्यांवर विजेची माळ लावली तर शॉक बसायची भीती, म्हणून जमिनीवर एक दिवा ठेवत आणि त्याच्यापुढे रंगीत काचांसारखी फिरती चकती. झाड आळीपाळीने लाल, निळं, हिरवं, पिवळं. गोळे बहुधा एकाच रंगाचे. रंगसंगतीचा याहून टोकाचा प्रयोग मला ठाऊक नाही.

दादरा

आणि त्या झाडावर पुठ्ठ्याची घंटा टांगायला कुणाची छाती झाली असती का?

पाऊलवाट

चंदेरी झाडावर नारिंगी घंटा? मला तर आवडली असती.

शेवंता

सगळ्यांचे आभार. कुंचला, कृष्णधवल फोटो काढून पाहिला आणि थक्क झाले. सव्वीस निळ्या गोळ्यांपैकी चार दिसतात. तेही फांदीच्या अगदी टोकाला आहेत म्हणून. उजेड, हो, सगळे मॅट आहेत. चकचकीत नकोत म्हणून मुद्दाम शोधून घेतले होते.

दादरा, तुमचं म्हणणं मला कळतं. पण मला हे तीन रंग मनापासून हवे आहेत. वर्षभर घर सगळ्यांच्या सोयीने चालतं, एक झाड मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

दादरा

हे असं सांगितलंत तर मी माझं पहिलं वाक्य मागे घेतो. तुमचं झाड आहे, निळंच करा.

सूचिपर्ण

झाडाचा हिरवाही एक नसतो हे कुणीच बोललं नाही. नॉर्डमन फर या सूचिपर्णी झाडाची पानं वरून गडद आणि खालून चंदेरी पट्ट्यांची असतात. निळा स्प्रूस या दुसऱ्या सूचिपर्णी झाडाच्या पानांवर मेणासारखा थर असतो, त्याने ते राखाडी-निळं दिसतं. त्याच्यावर चंदेरी आणि मोरपंखी फार खुलतात, पण पिवळट सोनेरी गोळा जरा उपराच वाटतो. कृत्रिम झाडांत बहुतेकदा दोन-तीन हिरव्यांची मिसळ असते. तुमच्या झाडात पिवळट हिरवी टोकं असतील तर फिकट निळा त्यांच्याजवळ नको, आत घ्या.

हातमाग

मी दरवर्षी वेगळी रंगसंगती करते, यंदा अंजिरी, अबोली आणि फिकट सोनेरी. हात बसलाय म्हणून सांगते.

आधी माळा, मग रिबन, मग मोठे गोळे, शेवटी लहान. मोठे गोळे आत खोडाकडे, लहान टोकाला. बहुतेक लोक उलट करतात आणि मग झाड पोकळ दिसतं. माळ नुसती बाहेरून गुंडाळू नका, प्रत्येक फांदीवर आत जाऊन बाहेर या. दिवे किती, तर उंचीच्या दर फुटामागे शंभर हा माझा हिशोब, सहा फुटाला सहाशे. दिवे कमी पडले की मग रंगांना बोल लावला जातो.

तिन्ही रंग सारख्या प्रमाणात कधीच घेऊ नयेत. एक राज्य करतो, दुसरा त्याला साथ देतो, तिसरा चिमूटभर. शेवंता, तुमच्याकडे सगळ्यात जास्त काय आहे? निळा असेल तर तिथेच गाडी अडली आहे. मोतिया वाढवा, निळा कमी करा. आणि एकच निळा घेऊ नका. गर्द, मधला आणि आकाशी अशा तीन छटा, त्यात काही मॅट, काही चकचकीत, काही चमकी लावलेले. एकच रंग तीन पोतांत असला की झाड शोरूमचं वाटत नाही.

गोळे एकेकटे टांगू नका. दोन-तीन एकत्र तारेने बांधून घोस करा, आकार वेगवेगळे. आणि मधून मधून उठून लांब जा, डोळे किलकिले करून बघा. जिथे रंगाचा ढीग झाला असेल तो लगेच दिसतो.

रानजाई

काल रात्री दिवा बंद करून बघितलं. उजेड म्हणाले ते खरं आहे. दिव्यापासून लांब असलेले लाल गोळे काळे! सोळा गोळे हलवले रात्री अकरा वाजता.

आषाढ

धागा दोन दिवस वाचतोय, लिहू की नको असं चाललं होतं.

मला लाल-हिरवा भेद दिसत नाही. जन्मापासून. मी काही एकटा नाही, युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण साधारण ८ टक्के आहे, स्त्रियांत अर्धा टक्का. लहानपणापासून सगळे म्हणायचे, बघ झाडावर लाल गोळे किती छान दिसतात. मला झाड दिसायचं, दिवे दिसायचे आणि गोलाकार काहीतरी चमकायचं. सगळं एकाच मातकट रंगाचं. मी छान म्हणायचो. नववीत असताना एकदा कुणीतरी मला झाडावरून फक्त लाल गोळे काढायला सांगितले आणि मी हाताने चाचपून, चमक बघून काढत होतो. तेव्हा घरच्यांना कळलं.

निळा मात्र मला लख्ख दिसतो. पिवळा, नारिंगी हेही निळ्यापासून अगदी वेगळे दिसतात. त्यामुळे शेवंताताई, तुमचं झाड हे मी वाचलेल्या झाडांपैकी पहिलं आहे जे मला कदाचित तुमच्यासारखंच दिसेल. तांब्याचे आणि निळे मला वेगळे ओळखता येतील.

आणि तुमच्या मुलाची घंटा. जिथे निळं सगळ्यात जास्त आहे तिथे ती टांगलीत, तर मला संपूर्ण झाडावर आधी तीच दिसेल.

कुंचला

आषाढ, लिहिलंत हे फार बरं केलंत.

आणि मला स्वतःचा राग येतोय, कारण हे मी पहिल्याच प्रतिसादात सांगायला हवं होतं. रंगचक्रात निळ्याच्या बरोबर समोर नारिंगी असतो. आणि तांब्याचा रंग म्हणजे दुसरं काय? काळसर, धातूची झाक असलेला नारिंगीच. शेवंता, ती घंटा तुमच्या रंगसंगतीच्या बाहेर कधी नव्हतीच. तुमच्या तांब्याची ती सगळ्यात उजळ छटा आहे. हातमाग म्हणतात ना, तिसरा रंग चिमूटभर. ती चिमूट तुमच्या मुलाने गेल्या वर्षीच करून ठेवली आहे.

हातमाग

अगदी! फक्त ती एकटी पडू देऊ नका. तिच्या खाली दोन तांब्याचे गोळे, वर एक आकाशी. मग ती घोसातली वाटेल.

दादरा

आता मीही निळ्याच्या बाजूने.

शेवंता

उशिरा लिहितेय, पण सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

आषाढ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि मग मुलाला वाचून दाखवला. त्याने विचारलं, "म्हणजे त्या काकांना माझी घंटा लांबून दिसेल?" मी हो म्हटलं. तो उठला, मागे गेला, घंटा काढून आणली आणि पुढून कुठे लावायची ते तासभर ठरवत बसला. प्रत्येक फांदीवर टांगून दाराशी जायचा आणि तिथून बघायचा. शेवटी त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, उजवीकडे लावली. वर आकाशी गोळा, खाली दोन तांब्याचे, हातमाग यांनी सांगितलं तसे.

सव्वीसपैकी अकरा गर्द निळे काढले आणि उरलेले पंधरा आत घेतले, पांढऱ्या माळेजवळ. उजेड, आत गार आणि बाहेर ऊबदार हे प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कळत नाही. झाडाला पोट आल्यासारखं वाटतं, चांगल्या अर्थाने. मोतिया रिबन वाढवली. आकाशी आठ नवीन घेतले, त्यातले पाच चकचकीत. जुन्या खोक्यातून तीन काचेच्या चांदण्या आणि एक लाकडी घोडा परत आले. लाल गोळे आणि जांभळ्या झिरमिळ्या या वर्षी खोक्यातच, त्यांना पुढच्या वर्षी बघू.

कृष्णधवल फोटो पुन्हा काढला. आता सगळे मोजता येतात. घंटा त्यात पांढरट राखाडी दिसते, तांब्याच्या गोळ्यांपेक्षा उजळ.

एकच राहिलं. पुठ्ठ्याचं भोक फाटत आलंय, दोरा निसटतो. काय करू?

जुनाबाजार

आतून कापडाचा छोटा गोल तुकडा फेव्हिकॉलने चिकटवा, रात्रभर वाळू द्या आणि मग त्यातून सुई घाला. रंगाला पाणी लागू देऊ नका. आणि तो ब्रशचा केस उपटू नका.

शेवंता

नाही उपटणार. आजच करते.

आषाढ

फोटो टाका, रंगीत.